चार मित्रांचे रणगाडे एकाच लढाईतले दिसावेत यासाठी वेदरिंग कसं करावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चौघं मित्र पुण्यात प्लास्टिकच्या मॉडेलांतून, १/३५ मापात, भारत-पाक युद्धातल्या डिसेंबर १९७१ च्या बसंतरच्या लढाईचा देखावा करताय. पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे तीन सेंच्युरियन रणगाडे आणि समोर एक जळालेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा. जोडणी एकत्र बसून केली, रंगही एकत्र दिला, पण वेदरिंग, म्हणजे धूळ, चिखल, गंज लावून मॉडेल वापरलेलं दिसेल असं करणं, ज्याने त्याने आपल्या घरी केलं. आता चारही एका टेबलावर ठेवले की ते एका लढाईतले वाटत नाहीत, आणि एक सेंच्युरियन तर भंगारातून उचलून आणल्यासारखा दिसतो. सगळं काढून नव्याने रंगवावं का, असं तुम्ही विचारलंय.

नव्याने रंगवू नका. फोटो मोठे करून पाहिले. जोडणी स्वच्छ आहे, सांध्यात लांबी भरून नीट घासलीय, कुठेही मोल्डची रेघ राहिलेली नाही. एकाने तर टरेटच्या (तोफेच्या फिरत्या घुमटाच्या) ओतीव पोलादाचा खरखरीतपणाही आणलाय, तो फार सुंदर उतरलाय. तुमची अडचण मातीची आहे. पहिल्या सेंच्युरियनवर कोकणातली तांबडी माती आहे, दुसऱ्यावर आपली काळी, तिसऱ्यावर राजस्थानची पिवळी वाळू. रणगाडे एकाच रेजिमेंटचे, पण तीन वेगळ्या प्रदेशांत फिरून आलेले. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला खटकतं ते हेच.

ही चूक मीही केली आहे. माझा पहिला सेंच्युरियन झाला तेव्हा आमच्या गटातल्या एकाचे मामा तो बघायला आले होते. चिलखती दलातून निवृत्त झालेले दफेदार, १९७१ साली शकरगड भागात होते. त्यांनी मॉडेल हातात घेतलं नाही, खाली वाकून ट्रॅकच्या (चाकांवरच्या पोलादी साखळीपट्ट्याच्या) उंचीवर डोळा आणला आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “गाडी बरोबर आहे. पण ही माती आपल्या नगरची आहे रे. तिकडची माती पिठासारखी. सुकी असली की उडते, पाणी लागलं की लेप बसतो. अशी ढेकळं नाही धरत.” त्या एका वाक्याने माझं काम बदललं. त्या दिवसापासून मी रंगाची बाटली उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहितो: ठिकाण, महिना आणि त्या दिवसापर्यंत गाडीने काय काय केलं.

तुमच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी माहीत आहेत, हे तुमचं भाग्य. शकरगडचा तो भाग म्हणजे नद्यांच्या गाळाने बनलेली पंजाबची सपाट जमीन. माती बारीक, सुकल्यावर फिकट करडी-तपकिरी, ओली झाली की गडद राखाडी-तपकिरी. डिसेंबर महिना, म्हणजे पहाटे दव आणि धुकं, दुपारी कोरडं ऊन. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून आपलं सैन्य त्या भागात सुरुंग पेरलेले पट्टे ओलांडत पुढे सरकत होतं. १५ तारखेच्या रात्री बसंतर नदीपलीकडे पाय रोवले गेले. सुरुंगांमधून वाट पूर्ण मोकळी व्हायच्या आतच पूना हॉर्सचे रणगाडे पलीकडे गेले, आणि १६ तारखेला जरपालजवळ पॅटनशी समोरासमोर गाठ पडली. म्हणजे तुमच्या तिन्ही सेंच्युरियनवर साधारण दहा दिवसांची जुनी सुकी धूळ हवी आणि त्यावर, फक्त खालच्या भागात, आदल्या रात्रीचा नदीपात्राचा ओला चिखल.

वेदरिंगचा क्रम म्हणजे त्या गाडीच्या दिवसांचा क्रम. आधी घडलं ते आधी लावायचं. हे एवढं पाळलं तर अर्ध्या चुका होतच नाहीत. तुमच्या दुसऱ्या सेंच्युरियनवर ओला चिखल आधी लावून त्यावर सुकी धूळ मारलीय, त्यामुळे चिखल आठवडाभर जुना वाटतो आणि नदी ओलांडल्याची खूण पुसली जाते.

आता काढायचं कसं ते. तुमचा मूळ रंग अॅक्रिलिक आहे आणि त्यावर वॉर्निशचा हात आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग सुटी पिगमेंट (रंगाच्या कोरड्या पुडी) पाण्याने भिजवलेल्या मऊ ब्रशने निघतील. ऑइलचा वॉश (खूप पातळ केलेल्या रंगाचा हात) आणि ओघळ व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून टिपून घेतलेल्या इअरबडने निघतील. वरून खाली, एकाच दिशेने पुसा. गोल गोल चोळू नका. सगळं निघालं पाहिजे असं नाही. कोपऱ्यात, बोल्टभोवती थोडं राहिलं तर ते तुमच्या नव्या कामाखाली चांगलंच दिसेल. लॅकर थिनर मात्र जवळही आणू नका, त्याने रंगासकट प्लास्टिक जाईल. आणि रंगाचा हात न लागलेल्या उघड्या प्लास्टिकवर टर्पेंटाइन साचू देऊ नका. ताण असलेल्या जागी, विशेषतः चाकांच्या दांड्यांच्या सांध्यात, प्लास्टिक ठिसूळ होऊन मोडतं. तळाचा भाग दिसत नाही म्हणून तिथे रंग द्यायचा आपण टाळतो आणि नेमका तिथेच वॉश ओततो.

मग माती. ही चौघांसाठी एकाच बरणीत बनवा, एकाच माणसाने, एकाच दिवशी. महागडी आयात पिगमेंट सुंदर असतात, पण ती नसली तरी काही अडत नाही. माझी पद्धत सांगतो. मुलतानी माती बारीक दळलेली आणि रंगाने फिकट असते, म्हणून ती मुख्य. चार चमचे मुलतानी माती, अर्धा चमचा रॉ अंबरची पूड, रंगाच्या दुकानात मिळणारी पिवडी चिमूटभर आणि काळी पूड त्याहून कमी. गेरू अजिबात नाही. तांबड्याचा अंश आला की ती माती पंजाबची राहत नाही. हे सगळं जुन्या पंच्याच्या कापडातून दोनदा गाळा. गाळायचं कारण साधं आहे: १/३५ मापात १ मिलिमीटरचा कण म्हणजे प्रत्यक्षातला साडेतीन सेंटिमीटरचा खडा. खरी माती तशीच लावली की धुळीऐवजी खडी दिसते. शिवाय अंगणातल्या मातीत काडीकचरा असतो, पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. ती वापरायचीच असेल तर आधी तव्यावर कोरडी भाजून घ्या.

या बरणीतल्या मातीचे दोन नमुने प्लास्टिकच्या चमच्यावर करून बघा, चमच्याला रणगाड्याचाच हिरवा देऊन. एक नमुना व्हाइट स्पिरिटने बसवलेला, म्हणजे सुकी धूळ. दुसऱ्यात थोडा जास्त रॉ अंबर आणि सॅटिन वॉर्निशचे थेंब, म्हणजे ओला चिखल. मुलतानी माती ओली असताना खूप गडद दिसते आणि सुकल्यावर बरीच फिकी होते, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या. रात्रीच पसंत करून कामाला लागलात तर सकाळी रणगाडा पांढरा झालेला असेल.

धूळ लावताना प्रत्येक जागी स्वतःला विचारा: ही इथे कशी आली? सेंच्युरियनचं ट्रॅक फिरवणारं दात्यांचं चाक मागे असतं. म्हणजे ट्रॅकने उचललेला चिखल सर्वात जास्त मागच्या टोकाला, दात्यांच्या आसपास आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला फेकला जातो. तिथे जाड थर हवा. बाजूच्या पत्र्यांच्या खालच्या कडेला शिंतोडे, आणि ते गाडीच्या चालीप्रमाणे मागे झुकलेले. चाकांच्या बाहेरच्या तोंडावर, नटांच्या भोवती चिखल टिकतो, पण चाकाची कड ट्रॅकवर सतत घासत असते, ती स्वच्छ राहते. वरच्या सपाट भागावर फक्त सुकी धूळ, आणि तीही माणसं चढतात तिथे पुसलेली. चार जणांचा चमू दहा दिवस त्याच वाटेने वर चढतोय, त्याच झडपा उघडतोय, त्याच पेट्यांतून सामान काढतोय. तिथला हिरवा रंग उघडा आणि थोडा तुळतुळीत दिसला पाहिजे. सेंच्युरियनचं मीटिओर इंजिन पेट्रोलवर चालायचं आणि पेट्रोल भरपूर प्यायचं, त्यामुळे टाकीच्या झाकणांपाशी रोजचा वावर. पेट्रोल सांडलं की उडून जातं, धूळ मात्र धुऊन नेतं. म्हणून तिथे काळे तेलकट डाग न दाखवता धूळ धुतली गेलेला गडद हिरवा पट्टा आणि त्याच्या कडेला धुळीची बारीक किनार दाखवा. व्हाइट स्पिरिटचा एक थेंब सुक्या पिगमेंटवर सोडला की ही किनार आपोआप तयार होते. करून बघा, फार समाधान देणारं काम आहे.

तुमच्या ‘भंगारातल्या’ सेंच्युरियनबद्दल. त्यावर गंज खूप जास्त आहे आणि चुकीच्या जागी आहे. चालू पलटणीतल्या गाडीची रोज देखभाल होते, तिचं चिलखत नारिंगी होत नाही. रंग उडाला तर पोलाद उघडं पडतं आणि लवकरच गडद तपकिरी होतं, बस. आणि रंग उडतो तो झडपेच्या कडेला, पेट्यांच्या कोपऱ्यांवर, हुक अडकवायच्या जागी. मोठ्या सपाट पत्र्याच्या मधोमध खवले पडत नाहीत. पॅकिंगच्या स्पंजचा बारीक तुकडा घ्या, जर्मन ग्रेमध्ये रेड ब्राऊन मिसळून त्यात टेकवा, कागदावर जवळजवळ सगळा रंग टिपून टाका आणि मग फक्त कडांना हलकेच लावा. अर्ध्या मिलिमीटरचा खवला म्हणजे प्रत्यक्षात पावणेदोन सेंटिमीटर, हे लक्षात ठेवलं की हात आपोआप आवरतो. चंदेरी रंग कुठेही नको. गंज दाखवायचाच असेल तर मागच्या बाजूच्या मडगार्डांवरच्या सायलेन्सरवर दाखवा. ते तापतात, गार होतात, रंग जळून जातो, गंज तिथे खरोखर येतो. मी तिथे बर्न्ट सिएनाचा पातळ हात देतो आणि तो ओला असतानाच गंजाच्या रंगाची पूड ब्रशने टेकवतो.

ट्रॅकसाठी वेगळा अभ्यास करायची गरज नाही, गल्लीच्या टोकाला पोकलेन उभं असतंच. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी बघा: रात्रभर दव पडून पट्ट्यांवर पातळ तांबूस थर आलेला असतो. दहा मिनिटं चाललं की जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या लखलखतात आणि खाचांत माती तशीच राहते. सेंच्युरियनचे ट्रॅक संपूर्ण पोलादाचे, त्यामुळे हीच नक्कल करा: आधी गडद तपकिरी, मग बरणीतल्या मातीचा पातळ लेप सगळीकडे, सुकला की उंचवट्यांवरची माती बोटाने पुसून घ्या आणि शेवटी ६बी पेन्सिलीने फक्त जमिनीला टेकणारे भाग आणि आतले दात घासा. चाकांना रबर आहे, तिथे पेन्सिल लावू नका. तुमच्यापैकी दोघांनी लावलीय. बाजूचे पत्रे लावणार असाल तर वरचा ट्रॅक दिसतच नाही, त्यावर वेळ घालवू नका.

पॅटनवाल्या मित्राचं काम मला सर्वात आवडलं, पण त्याने तो चालू गाडीसारखा रंगवून वर काजळी मारलीय. जळालेला रणगाडा आतूनच बदललेला असतो. आग लागली त्या भागातला रंग पूर्ण जळून जातो, खाली फिकट राखाडी राख राहते, आणि तापून उघड्या पडलेल्या पोलादावर एक-दोन दिवसांत ताजा नारिंगी गंज चढतो. चाकांचं रबर जळून जातं. त्यामुळे चाक लहान दिसतं, गाडी खाली बसते, ट्रॅक सैल पडतो. पॅटनचे टॉर्शन बार (चाकांना स्प्रिंगसारखे पेलणारे पिळाचे दांडे) तापले की पोलादाचा ताव उतरतो आणि ती बाजू आणखी खचते. म्हणजे हे काम जोडणीतलं आहे, रंगाचं नाही. तीन-चार चाकांवरचं रबर कापून घासा, त्या बाजूचे दांडे थोडे वर वळवून पुन्हा चिकटवा. नारिंगी गंज, जो सेंच्युरियनवर चुकला, तो इथे मनसोक्त वापरा. पण देखावा १६ तारखेच्या सकाळचा असेल आणि पॅटन नुकताच पेटला असेल, तर गंजाला वेळच मिळालेला नाही. मग फक्त काजळी, राख आणि फुगून सोलवटलेला रंग. दिवस ठरवा म्हणतो ते यासाठी.

तिघांचे हिरवे थोडे वेगळे आलेत याची काळजी तुम्ही बोलून दाखवलीत. ते मी तसंच ठेवीन. एका स्क्वाड्रनमधल्या गाड्या एकाच दिवशी रंगवलेल्या नसतात, उन्हाने कमी-जास्त विटतात. फक्त तिन्हींना एकच पातळ फिल्टर, म्हणजे सगळीकडे सारखा रंगाचा झाक देणारा हात, द्या: यलो ऑकर आणि रॉ अंबर ऑइल, एका भागाला वीसेक भाग व्हाइट स्पिरिट. त्याने तिघं एका कुटुंबातले होतात आणि आपापला चेहराही राखतात. ऑइल ट्यूबमधून थेट वापरू नका, जाड पुठ्ठ्यावर काढून दोन-तीन तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो आणि रंग मॅट सुकतो. कॅमलच्या ऑइल ट्यूब या कामाला पुरेशा आहेत, मी वर्षानुवर्षं त्याच वापरतो.

एक विनंती. पुण्याहून नगर, आताचं अहिल्यानगर, काही लांब नाही. तिथलं १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय चौघांनी मिळून एकदा बघून या. सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही शेजारी उभं राहून बघता येतात. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये १६ डिसेंबरला शेवटपर्यंत लढले, तो रणगाडाही नगरलाच चिलखती दलाच्या केंद्रात जतन केला आहे. खेत्रपाल पुण्यात जन्मलेले, त्या दिवशी एकवीस वर्षांचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तुमच्या तीनपैकी एकावर तुम्ही ‘फामागुस्ता’ हे नाव घालणार आहात, म्हणून सांगतो, त्या गाडीसाठी वेगळा वेळ काढा. संग्रहालयातल्या गाड्यांवर मात्र रंगाचे अनेक हात चढलेले असतात. रंग आणि धूळ तिथून उचलू नका. वेल्डिंगच्या रेघा कशा वाकड्यातिकड्या जातात, ओतीव टरेट हाताला कसं लागेल, माणसाच्या उंचीपुढे चाक केवढं, ते बघा. घरी आल्यावर आपल्या साडेएकवीस सेंटिमीटरच्या हलकडे (रणगाड्याच्या धडाकडे) बघायची नजर बदललेली असते.

यापुढे वेदरिंग घरी एकेकट्याने करू नका, एकाच टेबलावर करा. आमच्या गटात महिन्याच्या एका रविवारी सगळे अर्धवट मॉडेल घेऊन जमतो आणि एकच नियम पाळतो: कोणीही दुसऱ्याच्या रणगाड्यावर बोट ठेवून विचारायचं, “हे इथे कसं आलं?” मालकाला उत्तर देता आलं तर ते राहतं, नाही आलं तर तिथल्या तिथे पुसायचं. परवा एकाने टरेटच्या पाठीवर सुरेख ओघळ काढले होते, खूप मन लावून. विचारल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला, मग स्वतःच म्हणाला, तिथे तर ताडपत्रीची वळकटी बांधणार आहे, पाणी पोचणारच नाही. त्याने ओघळ पुसले, आणि ताडपत्रीच्या खालच्या कडेपासून दोनच नवे काढले. ते जास्त खरे दिसले. आपली गाडी आपण इतके दिवस जवळून बघत असतो की असल्या गोष्टी दिसेनाशा होतात. शेजारच्याला त्या पहिल्या मिनिटाला दिसतात.

आणि हे पावसाळ्यात करत असाल तर शेवटचा मॅट वॉर्निशचा हात कोरड्या दुपारीच मारा. हवेत ओल असली की मॅट वॉर्निश पांढुरकं पडतं आणि गडद हिरव्यावर ते फार दिसतं. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप लावलेला असू द्या आणि मध्ये मध्ये तो रिकामा करा. मॅट हात ओल्या चिखलावर जाऊ देऊ नका, चमक जाईल. आधी मॅट, मग ओला चिखल, मग पेन्सिल.

बरणीतली माती सगळी रणगाड्यांवर संपवू नका. सहा-सात चमचे बाजूला काढून झाकण घट्ट लावून ठेवा. देखाव्याच्या जमिनीला प्लास्टरमध्ये मिसळायला तीच लागेल.